भागाबाईच्या मंजूर शिव्या

करवाड्याच्या भागाबाईचा आवाज वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस कोणाला धड ऐकूच यायचा नाही. जेवताना "भाजी वाढू का" म्हणून ती विचारायची, तर समोर बसलेला नवरा "आं?" करायचा. विहिरीवर ती काही बोलली तर बादली बोलली की बाई बोलली, हे बघायला बाया माना वळवायच्या. अशी गरीब बाई. आणि तीनशे पासष्टाव्या दिवशी, अखाजीच्या तिसऱ्या प्रहरी, हीच बाई पांझरेच्या काठावर पदर खोचून उभी राहायची आणि असं काही तोंड सोडायची, की पलीकडच्या तामटेक गावातली तान्ही पोरं झोपेतून दचकून उठायची!

आता हे अखाजीचं काय प्रकरण आहे ते सांगितल्यावाचून पुढं जाता यायचं नाही. घाटावरचे लोक तिला अक्षय तृतीया म्हणतात आणि चार आंबे कापून मोकळे होतात. खान्देशात तसं नाही बाबा. इथं दिवाळी एकीकडे आणि अखाजी एकीकडे. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लिंबांना झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आमरसात बुडवून खातात, आणि पोट भरलं की नदीवर जाऊन शिव्या घालतात. होय, शिव्या! निदान करवाडं आणि तामटेक या दोन गावांत तरी घालायच्या. एका काठावर या गावच्या बाया, दुसऱ्या काठावर त्या गावच्या, मध्ये उन्हाळ्यातली गुडघाभर पांझरा. एकीनं पुढं होऊन शिवी सांगायची, मागच्या सगळ्यांनी ती तीनदा घोकायची, की पलीकडून उत्तर. ज्याचं नाव घेतलं त्यानं रागवायचं नाही, हसायचं. उलट ज्याचं नाव आलं नाही तो माणूस वर्षभर तोंड लपवून हिंडायचा, कारण गाव ज्याला मोजतच नाही त्याला कोण शिवी देणार? आणि सगळ्यात शेवटी, दिवस कलताना, प्रत्येक आईनं आपल्या पोराचं नाव घेऊन त्याला एक सणसणीत शिवी हासडायची. आईनंच एवढं वाईट बोलून टाकलं, की वर्षभर दुसऱ्या कशाची दृष्ट लागत नाही, असा हिशेब.

भागाबाईची आई सुगंधाबाई ही करवाड्याची पुढारीण होती. एका अखाजीला तिचा घसा बसला, आणि नऊ वर्षांची भागी मागच्या घोळक्यातून पुढं आली. तिनं तामटेकच्या पाटलाच्या घोडीला उद्देशून असलं काही म्हटलं, की पाटील स्वतः धोतर वर धरून नदी ओलांडून आला, पोट धरून हसला आणि पोरीच्या ओच्यात पसाभर भुईमुगाच्या शेंगा टाकून गेला. त्या दिवसापासून करवाड्याचा काठ भागीचा.

बापाला ती एकुलती एक. म्हणून त्यानं तिला सासरी न पाठवता घरजावई आणला, वनाभाऊ. भला माणूस. त्या काळी बायकोनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. पण अखाजीची पहिली शिवी नवऱ्याला, नावासकट! वर्षातून एकदा आपलं नाव बायकोच्या तोंडून ऐकायचं म्हणून वनाभाऊ धुतलेलं धोतर नेसून, मिशीला तेल लावून, पुढच्या रांगेत जाऊन बसायचा. "वना, तुना पागोटामा कोंबडी अंडा घालो!" असं ती गरजली, की त्याचे कान लाल व्हायचे आणि तो शेजारच्याला कोपरानं ढोसायचा.

त्यांना एकच मूल, पंडित. त्याच्या पहिल्या अखाजीपासून भागाबाईनं त्याची शिवी कधी चुकवली नाही. नाही म्हणायला एकदा चुकली. तो सहा वर्षांचा होता आणि तिला तापानं घेरलं होतं. त्या वर्षी पंडित लिंबावरून पडला, हात मोडला, विंचू चावला आणि पुरात वाहून जाता जाता बैलाच्या शेपटीला धरून वाचला. एका वर्षात चार! कोणी काही म्हणो, भागाबाईला जे समजायचं ते समजलं.

पंडितनं रंग बापाचा घेतला आणि आवाज आईचा. तोच नडला. बेचाळीसच्या ऑगस्टात तो सरकीची ढेप आणायला अमळनेरच्या बाजारात गेला होता. तिथं घोषणा चालल्या होत्या. यानंही बैलगाडीवर उभं राहून इंग्रजाला एकदाच "चले जाव" म्हटलं. पन्नास-साठ माणसं ओरडत होती, पण बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला चहा पीत बसलेल्या शिपायाला ऐकू गेला तो एकटा पंडित. एक वर्षाची सक्तमजुरी झाली आणि पोराला धुळ्याच्या तुरुंगात नेलं.

म्हणजे त्रेचाळीसची अखाजी त्याच्यावाचून येणार. भागाबाई रडली नाही. ती मनाशी म्हणाली, पोरगा तुरुंगात आहे, तेव्हा या वर्षीची शिवी अशी जबर पाहिजे, की भिंतीवरून उडी मारून आत गेली पाहिजे. फाल्गुनापासून ती शिवी जुळवायला लागली. दळताना, शेणी थापताना, तिचे ओठ हलत असायचे. वनाभाऊ विचारायचा, "काय म्हनस?" ती मान हलवायची.

आणि अखाजीला आठ दिवस उरलेले असताना हिलाल पाटील काठी टेकत दारात आले. हे गावचे पाटील, सत्तरीचे, भागाबाईच्या बापाच्या वयाचे.

"भागी," ते ओट्यावर बसत म्हणाले, "यंदा मोकळ्या शिव्या बंद."

भागाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं.

झालं होतं असं, की तालुक्याला नवीन फौजदार आला होता. माणूस साताऱ्याकडचा, वाईट नव्हता, पण कायद्याचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारा. त्याच्या कानावर कोणीतरी घातलं, की अमुक दिवशी नदीच्या दोन्ही काठांवर पाचपाचशे बाया जमतात आणि माणसांची नावं घेऊन घोषणा देतात. एवढं ऐकल्यावर त्याची पाचावर धारण बसली. लढाईचे दिवस, पाचाहून जास्त माणसांनी जमायला बंदी, आणि इथं हजार बाया घोषणा देणार! त्यानं हुकूम काढला.

पण हिलाल पाटलांनी पागोटं काढून त्याच्यापुढं ठेवलं. "साहेब," म्हणाले, "तीनशे लेकी माहेरी आल्यात. त्यांना नदीवर जाऊ दिलं नाही, तर त्या शिव्या कोणाला घालतील याचा विचार करा."

फौजदारानं विचार केला. रात्रंदिवस केला असावा, कारण तिसऱ्या दिवशी मधला मार्ग निघाला. बोलू द्या. बोलायला कोण नको म्हणतंय? फक्त शिव्यांचा मसुदा आधी दाखल करा, आम्ही तपासू, राजद्रोही मजकूर वगळू, आणि जेवढं मंजूर तेवढं बोला. एका शब्दानं रूळ उखडले जातात बरं का पाटील, असं त्यानं वर समजावूनही सांगितलं.

भागाबाईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "आबा, आगोदर दखाडी त ती शिवी कसानी? ती त अर्जी व्हयनी."

"अर्जी त अर्जी," पाटील म्हणाले. "पन तोंड त उघडाले भेटी."

दुसऱ्या दिवशी तोताराम कारकून आला. पोलीस कचेरीतला लिहिणारा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, लग्न न झालेला. त्यानं चावडीत जाजम पसरलं, वही उघडली, दौत ठेवली आणि पाच रकाने आखले: अनुक्रम, शिवी, कोणास उद्देशून, हेतू, शेरा. समोर भागाबाई पदर डोक्यावरून ओढून बसली. तिच्यामागं सबंध गावच्या बाया, दारात पुरुष, खिडकीत पोरं.

"हं. बोला," तोताराम म्हणाला.

"वना, तुना पागोटामा कोंबडी अंडा घालो," भागाबाई पुटपुटली.

"मोठ्यानं बोला."

"आज नही येत मोठ्यानं. अखाजीलेच येस."

तोतारामानं कान पुढं करून लिहून घेतलं. "कोणास उद्देशून? वना, पती. बरं. हेतू?"

भागाबाईनं मागं बघितलं. मागच्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. "हेतू काय रहास भाऊ," एक म्हातारी म्हणाली, "मज्या!"

तोतारामानं "मज्या" लिहिलं.

दुसरी शिवी हिलाल पाटलांना: तुन्या मिशा उंदरे कुरतडोत. पाटील दारातून मान डोलावून म्हणाले, मागच्या वर्षी याहून चांगली होती. तिसरी तामटेक गावाला: तुमना बैल दूध देवोत नि म्हशी नांगर वढोत. इथपर्यंत ठीक चाललं. चौथी आली, "तुना मुडदा मसनात जाय," आणि तोतारामाची लेखणी थबकली.

"जाय?" तो म्हणाला. "जाय म्हणजे चालता हो, असंच ना? नाही नाही. हल्ली कोणाला जा म्हणणं धोक्याचं आहे." आणि त्यानं काट मारली.

आता तुम्हीच सांगा, "जा" नाही म्हणायचं तर शिवी द्यायची कशी? माणसाला शिवी देऊन ठेवून घ्यायचं काय? पण तोताराम ऐकेना. त्याला नोकरीची काळजी. "तुना पांढरा कोंबडाले मुंगूस लई जाय," यातला पांढरा कोंबडा गेला, कारण पांढरा म्हणजे कोण हे साहेबांनी विचारलं तर? "तुनी भाजीमा मीठ नसो," यातलं मीठ गेलं. मिठावरून या देशात काय झालं हे त्याला माहीत होतं. सूत गेलं, टकळी गेली, टोपी गेली, समुद्रापलीकडचं सगळं गेलं. झुलाल वाण्याच्या पोटाला दिलेली शिवी का गेली हे कोणाला कळलं नाही. तोताराम म्हणाला, रेशनाचा विषय नाजूक आहे. बाया हसून हसून जाजमावर लोळायला लागल्या. एकीनं मुद्दाम विचारलं, "भाऊ, गाढव चाली का?" तोतारामानं बराच विचार करून सांगितलं, "गाढव चालेल. पण त्याच्यावर कोणी बसलेलं नको."

तीन दिवस हे चाललं. एकशे बारा शिव्या लिहिल्या गेल्या. चावडीसमोर यात्रा भरली, कोणी शेव-मुरमुरे घेऊन बसलं. तिसऱ्या दिवशी तोताराम स्वतःच हसता हसता चष्मा पुसत होता, आणि एकदा तर मान खाली घालून म्हणाला, "भागाक्का, माझ्या नावानं... म्हणजे नमुन्यादाखल... एखादी बसते का?" भागाबाईनं त्याला एक छानशी दिली: तोताराम, तुनी नवरी तुनाथीन मोठी लेखनी लईसन येवो. त्यानं ती सुंदर अक्षरात लिहिली आणि शेऱ्यात "निर्दोष" असं घातलं.

मग ती म्हणाली, "आते शेवटली. लिखा. पंडित."

जाजमावर लोळणाऱ्या बाया उठून नीट बसल्या.

तोतारामानं लेखणी उचलली नाही. हळूच म्हणाला, "अक्का, ते नाव नाही लिहिता येत. सजा झालेल्यांची नावं जमावात घ्यायची नाहीत, हुकूमच आहे. एकाचं नाव घेतलं की त्याचा जयजयकार होतो, असं साहेबांचं म्हणणं."

"मी जयजयकार कोठे करस? मी त शिव्या देस!"

"तरीपण."

"मनाच आंडोर शे तो, भाऊ. त्याले शिवी देवाले बी माले परवानगी नही?"

तोताराम लेखणी पुसत बसला. त्याचीही आई होती. पण नोकरीही होती. भागाबाई उठली आणि घरी गेली. दोन महिने जुळवलेली शिवी तिच्या घशात अडकून बसली होती, आणि त्या संध्याकाळी तिच्या हातून भाकरी करपली. वनाभाऊ "असू दे" म्हणाला, आणि करपलेली भाकरी मुकाट्यानं खाल्ली.

वही तालुक्याला गेली आणि परत आली. एकशे बारातल्या सतरा मंजूर. फौजदाराच्या लाल शाईनं उरलेल्यांचा निकाल लावला होता, आणि स्वतः फौजदारावर असलेली सहाव्या नंबरची निरुपद्रवी शिवी तर त्यानं दोनदा खोडली होती.

अखाजीच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी करवाड्याच्या काठावर एवढी माणसं लोटली, की पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना शिव्यांत काडीचा रस नव्हता तेही मंजूर शिव्या कशा असतात ते बघायला आले. बाभळीखाली खुर्ची टाकून फौजदार बसला, शेजारी तोताराम वही उघडून. एकेक शिवी झाली की टिंब करायचं काम त्याला होतं. आणि फौजदाराच्या दुसऱ्या बाजूला, हिरवं लुगडं नेसून, त्याची बायको इंदिराबाई. ती सावद्याची, केळीच्या बागाइतदाराची लेक. नवऱ्याला बंदोबस्तातून सुटी नाही म्हणून तिची या वर्षीची अखाजी माहेरावाचून चालली होती. मला नदीवर नाही नेलं तर जेवणार नाही, असं तिनं सकाळीच सांगितलं होतं.

भागाबाई पदर खोचून पुढं झाली. आणि आला की हो आवाज! वनाभाऊच्या पागोट्यातल्या कोंबडीनं अंडं घातलं ते दोन्ही काठांना ऐकू गेलं. मागच्या बायांनी तीनदा घोकलं. वनाभाऊचे कान लाल झाले. फौजदार खूश होऊन म्हणाला, "काही वावगं नाही. उगीच घाबरलो."

पण तो एक गोष्ट विसरला होता. पांझरा ही नुसती नदी नव्हती. सरकारनंच एकोणीसशे सहा साली खान्देशाचे दोन तुकडे करून तिथं जिल्ह्याची हद्द घातली होती. करवाडं पूर्व खान्देशात, तामटेक पश्चिम खान्देशात. पलीकडचा फौजदार वेगळा, आणि त्याला शिव्यांचं काही सुचलंच नव्हतं! त्यामुळं तामटेकची झुंबरबाई, भागाबाईची तीस वर्षांची वैरीण, ढोलासारख्या आवाजाची आडदांड बाई, मोकाट होती. तिनं मीठ घातलं, पांढरा कोंबडा घातला, गाढवावर बसलेला माणूस घातला, आणि "जाय" तर असा मुक्तहस्ते उधळला की तोताराम पलीकडं बघायलाच तयार होईना.

आणि भागाबाईला उत्तर द्यायचं ते सतरांतूनच! झुंबरबाईनं करवाड्याच्या सबंध पुरुषजातीला नदीत बुडवलं, की हिनं नऊ नंबरची काढायची, तुमनी विहिरमा बेडूक वरडो. झुंबरबाईनं दुसरी त्याहून भारी फेकली, की हिनं दहावी. तामटेकच्या बाया टाळ्या पिटायला लागल्या. करवाड्याच्या पुरुषांच्या माना खाली गेल्या. हिलाल पाटील कपाळावर हात मारून म्हणाले, "बुडालं गाव."

"काय व भागाबाई," झुंबरबाई पलीकडून ओरडली, "तुनी जीभ कोठे सांडी यंदा?"

भागाबाईनं नुसतं बाभळीकडं बोट दाखवलं. झुंबरबाईनं कपाळावर हात धरून तिकडं बघितलं, खुर्ची बघितली, वही बघितली. मग तिचं हसू जरा कमी झालं.

इतक्यात नावांची फेरी सुरू झाली. पाटील झाले, तलाठी झाला, मास्तर झाले, झुलाल वाणी झाला. तोतारामाचं नाव आलं तेव्हा तो वहीत तोंड खुपसून असा हसला की टिंब करायचं राहिलं. सतरावी संपली.

इंदिराबाई वाट बघत होती. ती नवऱ्याकडं वळली. "तुमचं?"

"माझं काय?"

"तुमचं नाव नाही आलं."

"मीच खोडलं ते," फौजदार मिशीवर हात फिरवत म्हणाला. "दोनदा."

इंदिराबाईचा चेहरा उतरला. "अहो, काय केलंत हे! अखाजीच्या दिवशी नावच खोडलं? सगळ्या गावाची इडापिडा गेली आणि तुम्हीच तेवढे शिवीवाचून राहिलात? रोज दंगलीत जाता, लोक दगड मारतात, मी देवापुढं बसून असते. आणि तुम्ही स्वतःच्या हातानं..."

"अगं, हे सगळं खुळचट..."

पण ती उठली होती. गर्दीतून वाट काढत ती सरळ काठावर गेली आणि सगळ्यांदेखत भागाबाईचे दोन्ही हात धरले. "अक्का, पाया पडते. आमच्या यांना एक घाला. चांगली घाला."

भागाबाईनं त्या पोरीच्या तोंडाकडं बघितलं. पंचविशीची असेल. आपल्या माणसाला काही होईल म्हणून डोळ्यांत पाणी आलेलं. भागाबाईला ते डोळे चांगलेच ओळखीचे होते. आठ दिवस तिचे स्वतःचे तसेच होते.

"परवानगी नही ना माय," ती म्हणाली. तिचा आवाज पुन्हा विहिरीवरचा झाला होता.

इंदिराबाई मागं वळली. तिनं नवऱ्याकडं असं काही बघितलं, की पाचशे बायांना कळलं आता फौजदाराचं काय होणार ते. पलीकडं झुंबरबाईसुद्धा पाण्यात पाय घालून पुढं आलेली. फौजदारानं तोतारामाकडं बघितलं, तोतारामानं आभाळाकडं.

"बरं, बरं!" फौजदार शेवटी खेकसला. "एक. माझ्यावर. काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. पण एकच!"

"लिखीसन दखाडू का साहेब?" भागाबाईनं विचारलं.

"नको! बोला आणि संपवा!"

भागाबाईनं पदर पुन्हा घट्ट खोचला. छाती भरून वारा घेतला. आणि दोन महिने घशात अडकलेलं सगळं एका दमात बाहेर आलं:

"फौजदार! मना पंडितले कोंडनारा! मना पंडितनं नाव खोडनारा! जो पंडितले मी नऊ महिना पोटमा वागाडा, जो पंडित बैलगाडीवर उभा राहीसन वरडना, त्या पंडितनी माय तुले सांगस: तुले बारा आंडोर व्हवोत, नि बाराच्या बारास्ना आवाज मना पंडितना सारखा व्हवो! तू दिनरात कानमा बोटे घालीसन बसो!"

क्षणभर कोणाला कळेना काय झालं. मग करवाड्याच्या पाचशे बायांनी ती शिवी उचलली. रिवाजच तसा, तीनदा घोकायची. प्रत्येक खेपेला सहा वेळा पंडित! इंदिराबाईनं तर बारा पोरांचा आशीर्वाद ऐकून भागाबाईच्या गळ्यात हातच घातले आणि सगळ्यांहून मोठ्यानं घोकायला लागली. हिलाल पाटलांनी पागोटं हवेत उडवलं. वनाभाऊ उभा राहून नाचत होता. होय, वनाभाऊ!

फौजदार खुर्चीवरून उठला होता, तोंड उघडं. ओरडावं तर स्वतःच परवानगी दिलेली. बारा मुलांची शिवी राजद्रोह कशी म्हणावी? "ते नाव..." तो म्हणाला, "ते नाव थांबवा."

"शिवी आपल्यावरच आहे साहेब," तोताराम वहीतून वर न बघता म्हणाला. "कोणास उद्देशून, फौजदार. हेतू, मज्या."

आणि तेवढ्यात पलीकडून ढोलासारखा आवाज आला.

"ए पंडित्या!" झुंबरबाई पोटरीभर पाण्यात उभी राहून ओरडत होती. "तुरुंगनी भाकर तुले गोड लागो! तू इतला जाडा व्हवो, इतला जाडा व्हवो, का दारमाथीन निंघता नही येवो, नि भिंत पाडीसन तुले बाहेर काढना पडो!"

तामटेकच्या पाचशे बायांनी ती तीनदा घोकली. पंडित, पंडित, पंडित. फौजदारानं हात वर केला, पण तो हात पश्चिम खान्देशात चालत नव्हता. तो खाली बसला. इंदिराबाई हसून हसून काठावरच बसली होती, आणि तिच्याकडं बघता बघता त्याच्याही मिशीखाली काहीतरी हललं. ते त्यानं रुमालानं पुसून टाकलं.

भागाबाई मात्र हसत नव्हती. तीस वर्षं जिला ती नदीपलीकडून पाण्यात बघत आली, ती बाई तिच्या पोराला जीव तोडून शिव्या देत होती. रिवाजाप्रमाणं उत्तर द्यायला हवं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि आवाज फुटेना. डोळ्यांतलं पाणी घळाघळा वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"रडस कसाले?" झुंबरबाई पाण्यातून आणखी चार पावलं पुढं आली, हद्दीच्या अगदी मधोमध. "ऐक मनी गोट. सोमवारे मी धुळ्याले जास, मनी बहीण तठे शे. तुरुंगना दारशे उभी राहीसन तुना पोऱ्याले एक घालीसन येस. आठेथीन त्याले ऐकू नही गयं, तठेथीन जाई. मना आवाज भिंतले मोजत नही. तू फक्त सांग, काय घालू?"

आता कोणी लिहून घेत नव्हतं, कोणी खोडत नव्हतं. भागाबाईही पाण्यात उतरली. गुडघाभर पाण्यात दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि भागाबाईनं हुंदका गिळून, अखाजीच्या त्या मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं:

"सांग त्याले, मुडद्या, तुनी माय दारशे आंबानी पाटी ठीसन बठेल शे. तुना वाटाना आंबा कोनले देत नही. सडी जावोत, पन देत नही. तू लवकर नही उना, त बठ्ठ्या कोया राखी ठेसू, नि तू ज्या दिन येशी त्या दिन एक एक करीसन तुना मुंडकावर मारसू. सांगशी ना?"

"सांगसू," झुंबरबाई म्हणाली. "आखो?"

"आखो बरंच शे," भागाबाई म्हणाली, आणि सांगत राहिली.